बालपणी कर्करोगातून बऱ्या झालेल्या प्रौढांच्या आरोग्य-देखरेखीबाबत निवेदन

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : बालपणी कर्करोगाचे उपचार पूर्ण केलेल्या प्रौढांना उपचार-सारांश, नियमित तपासणी आणि नोकरी-विम्यात न्याय्य वागणूक मिळण्याबाबत.

महोदय,

बालपणीचा कर्करोग बरा होतो, पण औषधांचे आणि किरणोपचारांचे काही परिणाम दहा-वीस वर्षांनी डोके वर काढतात. डॉक्सोरुबिसिन, म्हणजे सलाईनमधून जाणारे ते लाल औषध, हृदयाचा स्नायू दुबळा करू शकते. सिस्प्लॅटिनने ऐकू कमी येते. डोक्यावर किरणोपचार झाले असतील तर वाढ, थायरॉइड आणि स्मरणशक्ती यांवर परिणाम संभवतो. काही औषधांच्या मोठ्या मात्रेनंतर मूल होण्यात अडचण येते. हे सगळे प्रत्येकाला होते असे नाही. कोणाला कोणती तपासणी हवी, हे लहानपणी नेमके कोणते उपचार झाले त्यावरून ठरते, आणि नेमकी तीच नोंद बहुतेकांच्या हाती नसते.

हाडाच्या कर्करोगातून दहाव्या वर्षी बरी झालेली मुलगी पंचविशीत बाळंतपणासाठी तालुक्याच्या रुग्णालयात जाते, तेव्हा हा प्रश्न जिवाशी येतो. जुनी फाइल वडिलांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपली असेल तर असते. त्यातही पावत्यांची शाई उडालेली आणि रोजच्या औषधांचे कागद सुटे झालेले. तिथल्या डॉक्टरांना हवा असतो एकच आकडा : डॉक्सोरुबिसिनची एकूण मात्रा किती झाली? शरीराच्या दर चौरस मीटरमागे ती २५० मिलिग्रॅम किंवा अधिक असेल तर हृदयाचा धोका मोठा मानला जातो आणि ठरावीक काळाने इको करावा लागतो. गरोदरपणात हृदयावरचा भार वाढत असल्याने त्या काळात तर ही तपासणी टाळताच येत नाही.

म्हणून पहिली आणि सर्वांत निकडीची मागणी उपचार-सारांशाची आहे. उपचार संपताना प्रत्येक मुलाच्या पालकांना दोन पानांचा सारांश मराठीत व इंग्रजीत द्यावा. त्यात निदान, प्रत्येक औषधाची एकूण मात्रा, किरणोपचारांची जागा व मात्रा, शस्त्रक्रिया, रक्त दिले असल्यास त्याची नोंद आणि पुढील तपासण्यांचे वेळापत्रक असावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयांना शेवटच्या दाव्यासोबत हा सारांश जोडणे बंधनकारक केल्यास त्यासाठी वेगळी यंत्रणा उभारावी लागणार नाही. पूर्वी बरे झालेल्यांना जुन्या नोंदींवरून तो विनाशुल्क मिळावा.

दुसरी मागणी देखरेखीची. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी स्वतंत्र क्लिनिक १९९१ पासून चालते. म्हणजे हे काम इथे होऊ शकते, हे सिद्ध झालेले आहे. पण गडचिरोली किंवा नंदुरबारच्या तरुणाने दरवर्षी मजुरी बुडवून परळला यावे, ही अपेक्षा चुकीची आहे. शिवाय अठरा वर्षे पूर्ण झाली की बालरोग विभाग त्याचा राहत नाही आणि मोठ्यांच्या बाह्यरुग्ण विभागाला त्याचा इतिहास ठाऊक नसतो. नागपूर, छत्रपती संभाजीनगर व पुणे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आठवड्यातून एक दिवस असे क्लिनिक सुरू करावे. तिथे समुपदेशकही असावा, आणि इको, थायरॉइड व श्रवण तपासणीचा खर्च योजनेत धरावा. छातीवर किरणोपचार झालेल्या मुलींची स्तनतपासणी पंचविशीपासून, किंवा किरणोपचारांना आठ वर्षे झाल्यावर, यांपैकी जे उशिरा येईल तेव्हापासून व्हायला हवी. सरकारी तपासणी कार्यक्रम मात्र तिशीला सुरू होतो. या मुलींपुरती ती अट शिथिल करावी.

तिसरी मागणी नोकरी आणि विम्यातील न्याय्य वागणुकीची. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानतो. त्यांत कर्करोगातून बरे होणे नाही, आणि नोकरीतील आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. डोळ्याच्या कर्करोगात एक डोळा गमावलेल्याचा दुसरा डोळा चांगला असेल, तर तो या आकड्यापर्यंत पोहोचतच नाही. दिव्यांगत्व ठरवताना उपचारांच्या एकत्रित दुष्परिणामांचे मोजमाप व्हावे, अशी शिफारस राज्याने केंद्राकडे करावी.

शासकीय सेवेच्या वैद्यकीय तपासणीत पूर्वीच्या आजाराच्या नावावर उमेदवार अपात्र ठरू नये. आजची कार्यक्षमता हाच निकष असावा. कर्जाशी जोडलेल्या विम्यासाठी फ्रान्सने २०२२ च्या कायद्याने, उपचार संपून पाच वर्षे झाल्यावर जुना कर्करोग सांगण्याची सक्ती काढली. तशी तरतूद भारतात व्हावी, यासाठी राज्याने विमा नियामकाकडे पाठपुरावा करावा.

या मागण्यांचा आराखडा करणाऱ्या समितीत बालपणी कर्करोगातून बरे झालेल्या प्रौढांना स्थान द्यावे. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या 'उगम' गटातून अशी माणसे एकत्र येऊन काम करतच आहेत. समितीचा अहवाल येईपर्यंत न थांबता उपचार-सारांशाचा शासन निर्णय आधी निर्गमित करावा, ही नम्र विनंती.

निवेदक,
बालपणी कर्करोगातून बरे झालेले प्रौढ व त्यांचे पालक