गाडी मोकळी, माणूस हमाल!

तर मंडळी, आजची पोस्ट भांडणाची आहे, आधीच सांगून ठेवतो.

परवा आमचा भाचा मोटरसायकलवरून कोल्हापूर-मालवण करून आला. पाठीवर भलीमोठी सॅक, मागच्या सीटवर हुकाच्या इलॅस्टिक दोऱ्यांनी बांधलेली दुसरी बॅग आणि वर पाच लिटर पेट्रोलचा कॅन. फोटो झकास! पण आल्यापासून खांद्याला बाम चोळत बसलाय. वर मलाच सांगतो, "मामा, लांबच्या टूरला एवढा त्रास होणारच की."

का म्हणून होणार? गाडी एवढी दीडशे किलोची, इंजिनाची. तिला मोकळं सोडायचं आणि दहा किलोचं ओझं सहा तास स्वतःच्या पाठीवर वाहायचं, यात कसली आली मर्दुमकी? आणि तो कॅन! हिमाचलात तांडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी प्रसिद्ध होती. तिथून लेहला जाणाऱ्यानं कॅन घेतला तर समजू शकतो. मालवणच्या वाटेवर तो कशाला? सुरमई तळायला?

सामान कसं लादायचं ते शिकायला लडाखचे फोटो नकोत. पहाटे गंगावेशीकडे या. खेड्यांतून येणारे दूधवाले बघा. दोन्ही अंगांना लोखंडी स्टँड, त्यात किटल्या, जमतील तितक्या खाली, दोन्हीकडं सारखं वजन. एकाला विचारलं तर म्हणाला, "एका बाजूचं दूध घातलं की पुढच्या घरी दुसऱ्या बाजूचं. नाहीतर गाडी वडती." वजन ते जरा जास्तच लादतात, ते सोडा. पण पाठीवर किटली बांधलेला दूधवाला कुणी पाहिलाय?

अख्खं शास्त्र यात आलं. जड वस्तू खाली आणि चालवणाऱ्याच्या जवळ. मागच्या चाकाच्याही मागं वजन गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल डुलायला लागतं. गाडीच्या पुस्तिकेत मागच्या चाकाच्या हवेचे दोन आकडे असतात, एकट्याचा आणि डबलसीटचा. भरल्या गाडीला दुसरा आकडा. हे दोन मिनिटांचं काम, पण करतो कोण?

आता म्हणाल, मामा लई शहाणे. नाही हो. काही वर्षांपूर्वी गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना आमच्या कॅरिअरवर अशीच हुकाची दोरी होती. खड्ड्यात एक हुक निसटला, बॅग कलंडली आणि तिचा लोंबता पट्टा चेनमध्ये गेला. मागचं चाक जागच्या जागी जाम. गाडी घसरत कठड्यापाशी थांबली. वेग पंचवीसच्या आसपास होता म्हणून ही पोस्ट लिहितोय. मागं बसलेल्या बायकोच्या कोपराला चार टाके पडले. त्या दिवशी बॅगेत काय होतं माहितीय? तीन जीन्स, इस्त्री आणि एक जाडजूड कादंबरी. एकही वस्तू वापरली नव्हती.

तेव्हापासून आमच्याकडं हुक बंद. बकलाचे रुंद पट्टे, त्यांची टोकं आत खोचलेली, दोन्ही बाजूंना सारख्या पिशव्या आणि पहिल्या दहा किलोमीटरवर उतरून एकदा सगळं हलवून बघणं. कपडे दोन जोड. बाकी दोरीवर वाळतात.

असो. भाच्या, तू हे वाचतोयस हे मला माहितीय. पुढच्या खेपेला निघायच्या आदल्या रात्री गाडी घेऊन घरी ये. बॅग मी बांधतो. कोपर मामी दाखवेल. :-)