पंखातील नोंद कोणाच्या मालकीची?

यंत्रविद्येला पक्ष नसतो, असे आपल्यातील पुष्कळ सुशिक्षित मंडळी मानतात. विमानाच्या पंखात पुरावयाच्या संवेदकांच्या बाबतीत हे मत तपासून पाहण्यासारखे आहे.

बोइंग ७८७ हे विमान २०११ मध्ये प्रवासी सेवेत आले. त्याच्या सांगाड्याचे सुमारे निम्मे वजन संमिश्र पदार्थांचे, मुख्यत्वे रेझिनमध्ये बसविलेल्या कार्बन तंतूंच्या थरांचे आहे. हा पदार्थ हलका आणि बळकट खरा. परंतु ॲल्युमिनियमवर हत्यार पडले तर पोचा दिसतो, येथे मात्र पृष्ठभाग जवळजवळ अभंग राहून आतले थर सुटू शकतात. बाजारात मडके घेताना आपण ते वाजवून पाहतो, त्याचप्रमाणे तंत्रज्ञ नाण्याने वा लहान हातोडीने ठोकून पाहतो. आवाज बद्द आला की संशय. ध्वनिलहरींची यंत्रे ही त्याच विद्येची पुढची पायरी.

आता थर रचतानाच त्यांत काचेचा प्रकाशतंतू घालता येतो. त्यावर कोरलेली सूक्ष्म जाळी ठराविक तरंगलांबीचा प्रकाश परतविते. पंख ताणला की जाळीतील अंतरे बदलतात आणि परतणारी तरंगलांबीही बदलते. बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजमध्येही या विषयावर काम झाले आहे, आणि ते सार्वजनिक पैशातून. अडचणी आहेतच. कार्बनचा तंतू ५ ते ७ मायक्रॉनांचा, नेहमीचा प्रकाशतंतू १२५ मायक्रॉनांचा. तो स्वतःच थरांत दुबळी जागा निर्माण करू शकतो, आणि आत तुटला तर बदलता येत नाही. मी अर्थशास्त्राचा मास्तर. ही कोडी अभियंत्यांनी सोडवावीत.

माझा प्रश्न नोंदीच्या मालकीचा आहे. नाणे ठोकणारा आवाज स्वतः ऐकतो, आणि परवानाधारक अभियंत्याने सही नाकारली तर विमान जमिनीवर राहते. तंतूतील नोंद मात्र संगणकात जाते. ती वाचण्याची रीत उत्पादकाने आपल्याकडे ठेवून सेवा म्हणून विकली, तर जबाबदारी सही करणाऱ्याची आणि ज्ञान दुसऱ्याचे, अशी विभागणी होईल.

हे तर्कट नव्हे. बोइंग ७३७ मॅक्सच्या नाकाशी वाऱ्याचा कोन मोजणारे दोन संवेदक होते. नाक खाली दाबणारी प्रणाली एका वेळी एकाचेच ऐकत असे. दोहोंत तफावत पडल्याची सूचना, ऐच्छिक म्हणून विकला जाणारा दर्शक घेतलेला नसल्यास, चालतच नव्हती. २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि २०१९ मध्ये इथिओपियात मिळून ३४६ माणसे मेली. त्या एका सूचनेने ती वाचली असती, असे मी म्हणत नाही. परंतु धोक्याची वार्ता जादा मालाच्या यादीत जाऊन बसू शकते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

म्हणून हँगरमधील कामगार संघटनांनी आपली मागणी आताच, हे तंत्र सरसकट रूढ होण्यापूर्वी मांडावी. संवेदकाची मूळ नोंद तपासणी करणाऱ्या अभियंत्यास थेट व विनामूल्य मिळावी. तिची प्रत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे जमा व्हावी. अपघातानंतर व्यापारी गुपित म्हणून ती अडविता येऊ नये. आणि संवेदक बसले एवढ्याच कारणास्तव एकही तपासनीस कमी होऊ नये, कारण बंद पडलेला संवेदक ओळखावयासही माणूसच लागतो.