सत्कार पुरे, आता शोध घ्या!

दहावीचा निकाल लागला की आमच्या मोहल्ल्यांतून गुणगौरव समारंभांचा हंगाम सुरू होतो. शादीखाना सजतो, बॅनर लागतात, बॅनरवर मुलांपेक्षा पुढाऱ्यांचे फोटो मोठे असतात. तिलावत होते, मग भाषणे होतात. प्रत्येक वक्ता इल्मचे महत्त्व सांगतो, डॉ. अब्दुल कलामांचे नाव घेतो आणि ‘आपल्या कौमला असे शंभर कलाम हवेत’ असे म्हणून टाळ्या मिळवतो. नव्वद टक्क्यांच्या पुढची मुले रांगेने येतात, ट्रॉफी घेतात, फोटो काढून घेतात. बिर्याणी होते. पुढच्या निकालापर्यंत सारे शांत!

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळांतले शिक्षक हे समारंभ वर्षानुवर्षे पाहत आहोत. मुलांचे कौतुक व्हायलाच हवे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. आमचा सवाल वेगळा आहे. या मंचावर येतात ती दहावीपर्यंत टिकलेली मुले. जी त्याआधीच गळाली, त्यांच्यात हुशार किती होती याचा हिशेब कोणत्या संस्थेच्या दप्तरात आहे? भिवंडी-मालेगावच्या पॉवरलूमवर, गॅरेजमध्ये, बेकरीच्या भट्टीपाशी जी मुले उभी आहेत, ज्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला सातवी-आठवीतच घरी बसल्या, त्यांच्यात एकही प्रज्ञावान नव्हता असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल?

कलामांचे नाव घेणाऱ्यांनी त्यांचे आत्मचरित्र एकदा नीट वाचावे. रामेश्वरमच्या शाळेतले विज्ञानाचे शिक्षक शिवसुब्रमणिया अय्यर यांनी या मुलाची चमक ओळखली. सनातनी ब्राह्मण घरातल्या या शिक्षकाने त्याला आपल्या घरी जेवायला बोलावले. पुढे मद्रासच्या एम.आय.टी.त प्रवेश घ्यायला पैसे नव्हते, तेव्हा बहीण जोहरा यांनी सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली. म्हणजे एका शिक्षकाने वेळेवर ओळखले आणि घरातल्या एका बाईने वेळेवर पैसा उभा केला. समारंभवाल्यांनी या दोन्ही गोष्टी सोडल्या आणि फोटो तेवढा उचलला.

‘टॉपर म्हणजेच प्रज्ञावान’ हा आपल्याकडचा सर्वांत मोठा गैरसमज. बी.एड.ला प्रज्ञावान बालकांवर टीप लिहावी लागते. जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ साली मांडलेली तीन वर्तुळे, म्हणजे सरासरीहून वरची क्षमता, सर्जनशीलता आणि हातातल्या कामाला चिकटून राहण्याची वृत्ती, परीक्षेपुरती पाठ होतात. दहावीचे टक्के यातले किती मोजतात? असा मुलगा वर्गात अनेकदा पहिला येत नाही. तो गणित मनातच सोडवतो आणि रीत लिहीत नाही, म्हणून गुण गमावतो. धडा त्याला एकदाच ऐकून कळतो. मग तो कंटाळतो, शेजाऱ्याला छेडतो आणि ‘शरारती’ ठरतो. फार प्रश्न विचारले तर ‘बदतमीज’! आणि मुलगी असेल तर ती गप्प बसते आणि तिच्या गप्प बसण्याचेच कौतुक होते.

अमेरिकेत लुइस टर्मन यांनी १९२१ मध्ये बुद्धिमापन चाचणी घेऊन हुशार मुलांचा एक मोठा गट निवडला. पुढे कित्येक वर्षे त्या मुलांचा मागोवा घेतला गेला. या निवडीत जी मुले नापास ठरली त्यांत विल्यम शॉक्ली आणि लुइस अल्वारेझ हे दोघे होते. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, एकाला १९५६ मध्ये आणि दुसऱ्याला १९६८ मध्ये. शास्त्रीय म्हणवणाऱ्या चाचणीची ही गत, तर एका मार्कशीटवर किती विसंबायचे?

आमच्या मुलांपुढे भाषेची भिंत आणखी वेगळी. रत्नागिरी-रायगडच्या मुलाच्या घरात कोकणी बोली, मराठवाड्यातल्या मुलाच्या घरात दखनी, शाळेत किताबी उर्दू, बाजारात मराठी आणि अब्बांच्या स्वप्नात इंग्रजी! इतक्या भाषांतून वाट काढणारे मूल मुळातच चलाख असते. पण त्यातल्या एकाही भाषेत सफाईने उत्तर लिहिता येत नाही म्हणून ते ‘कमजोर’ ठरते. जॉन रेव्हन यांची आकृत्यांची चाचणी १९३८ पासून जगभर वापरात आहे. तिला वाचन-लेखन लागत नाही, आकृत्यांमधला क्रम ओळखायचा असतो. आपल्या किती शाळांनी अशी चाचणी आजवर घेतली?

‘हुशार कोण ते शिक्षकाला कळतेच’ असे उत्तर मिळते. फ्लोरिडातल्या एका मोठ्या शैक्षणिक जिल्ह्यातही हाच भरवसा होता. शिक्षकांच्या आणि पालकांच्या शिफारशीवरून मुले प्रज्ञावान वर्गांसाठी पुढे येत. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुले एकूण विद्यार्थ्यांत सुमारे ६० टक्के होती, पण तिसरीच्या प्रज्ञावान विद्यार्थ्यांत फक्त २८ टक्के. २००५ मध्ये दुसरीतल्या सरसकट सगळ्या मुलांची चाचणी सुरू झाली आणि गरीब, अल्पसंख्य घरांतली कितीतरी मुले नव्याने सापडली. मुले आधीही तिथेच बसलेली होती, त्यांच्याकडे कुणी पाहिले नव्हते! पुढे मंदीत पैसा आटला, चाचणी आवरती घेतली गेली आणि मिळवलेले पुन्हा गमावले. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थतज्ज्ञांचा हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या जिल्ह्याच्या जागी आपला मोहल्ला ठेवून पाहा.

सरकारला जाब विचारायलाच हवा. २०२२ मध्ये केंद्राने अल्पसंख्याकांची पहिली ते आठवीची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती बंद केली. १९६३ पासून चालत आलेला राष्ट्रीय प्रज्ञाशोध २०२१ नंतर थांबला. नवोदय विद्यालयांच्या ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी राखीव असतात, ते योग्यच आहे. पण राज्यातले बहुसंख्य मुस्लिम शहरांत राहतात, त्यांच्या वाट्याला ती वाट अरुंदच येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रज्ञावान मुलांचा आणि त्यांच्यासाठी शिक्षक घडवण्याचा उल्लेख आहे. तो वर्गापर्यंत कधी पोचणार?

परंतु जी दारे उघडी आहेत तिथे आपली संस्था कुठे असते? आठवीसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा आहे. ती उर्दूतूनही देता येते. शासकीय, अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या, साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांसाठी ती आहे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये. चार वर्षांचे ४८ हजार! हा अर्ज शाळेमार्फत भरावा लागतो. रिक्षा चालवणाऱ्या बापाला ही परीक्षा माहीत नसते, ती शाळेलाच माहीत असायला हवी. एखाद्या वर्षी शाळेने अर्ज भरले नाहीत, तर त्या वर्षीच्या आठवीला ही संधी पुन्हा मिळत नाही. पण कोणत्या गुणगौरव समितीने कोणत्या शाळेला कधी विचारले की यंदा किती अर्ज भरले?

आणि सापडलेल्या मुलाचे पुढे काय? दहावीपर्यंत ‘मुसल्लस’, ‘कसाफत’ आणि ‘इसरा’ शिकलेला मुलगा अकरावी सायन्सला जातो आणि पहिल्याच आठवड्यात ट्रँगल, डेन्सिटी, ॲक्सिलरेशनच्या माऱ्यात बुडतो. त्याला विषय येतो, विषयाचे नाव येत नाही. दोन महिन्यांत त्याला वाटू लागते की आपण मुळात हुशार नव्हतोच. सेमी-इंग्रजीचा फलक लावून हे सुटत नाही. आठवीपासून प्रत्येक संज्ञा उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशी तिन्ही भाषांत हाताळायची सवय लागली पाहिजे. यात मराठीला वगळून चालणार नाही. या राज्यात कलेक्टर कचेरीपासून स्पर्धा परीक्षेपर्यंत तिच्याशिवाय पाऊल पडत नाही.

काही जण म्हणतील, आधी सगळ्यांना लिहिता-वाचता येऊ द्या, हुशारांचे लाड कशाला? श्रीमंताच्या हुशार मुलासाठी क्लास आहे, ग्रंथालय आहे, इंग्रजी बोलणारे घर आहे. गरिबाच्या हुशार मुलासाठी फक्त शाळा आहे. तिने पाठ फिरवली तर त्याला दुसरे कुणी नाही. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली आणि १९६९ मध्ये प्रज्ञावान मुलांसाठी प्रशाला उभारली. त्यांचे विचार कुणाला पटोत वा न पटोत, मूल शोधून त्याला घडवण्याची चिकाटी घेण्यासारखी आहे. आणि आपल्याकडे ती परंपरा नाही असे कोण म्हणतो? १८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम उभी करणाऱ्यांनी कुणा मंत्र्याच्या उद्घाटनाची वाट पाहिली नव्हती.

म्हणून संस्थाचालकांपुढे, जमातींपुढे आणि ट्रस्टींपुढे आमच्या मागण्या साध्या आहेत. तिसरी-चौथीतल्या प्रत्येक मुलाची, हजेरी कमी असलेल्यांचीसुद्धा, भाषेवर न विसंबणारी चाचणी घ्या. सापडलेल्या प्रत्येक मुलामागे एक शिक्षक बारावीपर्यंत नेमा. शिष्यवृत्तीचे किती अर्ज भरले तो आकडा दरवर्षी शाळेच्या फलकावर लावा. मुलीचे शिक्षण थांबवण्याची भाषा घरात सुरू झाली की तिच्या अम्मी-अब्बांना भेटायला जा, लग्नाची पत्रिका हातात येईपर्यंत थांबू नका. आणि प्रज्ञावान म्हणजे भावी डॉक्टर हे समीकरण सोडा. ज्याला आकडे खुणावतात त्याला गणित करू द्या, जिला शब्द खुणावतात तिला लिहू द्या.

पैसा कुठून आणायचा, असे विचाराल. एका समारंभाचा मंडप, बॅनर, शाली, ट्रॉफी आणि बिर्याणी यांचा खर्च मांडा. तेवढ्यात एका शाळेतल्या मुलांची चाचणी होईल आणि दोन-चार मुलांची वर्षभराची पुस्तकेही येतील. यंदाचा समारंभ रद्द करा आणि तो पैसा चौथीच्या वर्गात आणा. ज्यांचे फोटो बॅनरवर लागणार नाहीत ते नाराज होतील. त्यांना होऊ द्या!