डोकी कुणी मोजली?

रत्नागिरीत समाजकल्याणाला पैसा पुरत नाही हे रडगाणं आता पुरे. पैसा कमी येतो कारण कागदावर माणसंच कमी आहेत. वाडीत आहेत, विहारात आहेत, पण सरकारी वहीत नाहीत.

हिशेब साधा आहे. 1979-80 पासून विशेष घटक योजना आली. राज्याच्या योजनेत अनुसूचित जातींचा वाटा त्यांच्या लोकसंख्येइतका, आणि जिल्ह्यांना वाटपही त्याच मापानं. 2011 च्या जनगणनेत राज्याचं माप शेकडा 11.8. रत्नागिरी जिल्ह्याचं शेकडा चारच्या आसपास, सुमारे 67 हजार माणसं. आता त्याच जनगणनेचं धर्माचं पान उघडा. बौद्ध किती? शेकडा सात, सुमारे 1 लाख 13 हजार. च्यायला, चांभारांसकट सगळ्या अनुसूचित जाती 67 हजार, आणि एकटे बौद्ध त्याच्या दीडपटीहून जास्त! कमीत कमी 46 हजार माणसं भागाकारातनं गळाली. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. पुढारी तिथं हार घालायला जातात, हा हिशेब मात्र कुणी विचारत नाही.

गळाली कशी? 1956 ला आपण धर्म बदलला, 1961 च्या मोजणीत आपण अनुसूचित राहिलोच नाही. केंद्रानं बौद्धांना यादीत घ्यायला 1990 साल उजाडलं. यादीत घेतलं ते जातीच्या नावानं. मोजणारा मास्तर दारात येतो, विचारतो, जात? आजी ताठ मानेनं सांगते, बौद्ध. यादीत 'बौद्ध' नावाची जात नाही. मास्तर पुढच्या घरी जातो. योजनेच्या नावात 'नवबौद्ध' आहे, पैसे वाटायच्या मापात नाही.

त्यात कोकणची वाडी. वस्ती सुधारणेचा पैसा वस्तीतली माणसं मोजून मिळतो. 2011 च्या शासन निर्णयानं 10 ते 25 वस्तीला 2 लाख, 300 च्या वर 20 लाख ठरले होते. देशावर असेल 300 ची वस्ती. इथं डोंगराच्या उतारावर पाच-सहा घरं, त्यातली दोन कुलूपबंद, माणसं मुंबईत. 2011 ला या जिल्ह्यात हजार पुरुषांमागं 1122 बाया होत्या. पुरुष कुठं गेले ते आपल्याला कुणी सांगायला नको. पण पाखाडी, नळ, गटार डोकी मोजून स्वस्त होत नाही. चढ तेवढाच, जांभा तेवढाच.

आणि जे उरतं तेही धड नाही. मे 2025 मध्ये लाडक्या बहिणींच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय खात्याचे 410 कोटी 30 लाख वळवले. खात्याचे मंत्री संजय शिरसाट स्वतःच जाहीरपणे बोंबलले. बहिणीला पैसे द्या, जरूर द्या. पण आमच्या बहिणीच्या पोराच्या वसतिगृहातनं का? आंध्रानं, कर्नाटकानं 2013 साली या निधीसाठी कायदा केला. कर्नाटकात कायदा असूनही 2023 नंतर पैसा गॅरंटी योजनांकडे वळलाच, ते सोडा. इथं अडवायला तेवढाही कायदा नव्हता.

आता मुद्द्याचं. 2021 ची जनगणना झाली नाही, म्हणून 2011 चंच माप इतकी वर्षं आपल्या गळ्यात. 2027 च्या गणनेत सगळ्यांची जात विचारणार असं सरकारनं 2025 साली जाहीर केलं. आपल्यातले काही म्हणतात, जी जात थुंकून टाकली ती पुन्हा तोंडानं कशाला उच्चारायची? हा सवाल स्वाभिमानाचा आहे, मी तो हसण्यावारी नेत नाही. पण गावानं जात सोडली आहे का? पाणवठ्यावर, लग्नात, जमिनीच्या सातबाऱ्यावर? ती त्यांनी लादली, तिचं देणं त्यांनी फेडायचं. धर्माच्या रकान्यात बौद्ध, जातीच्या रकान्यात महार. तो रकाना म्हणजे वसुलीची पावती समजा. ती कोरी सोडणं मला परवडत नाही, वाडीतल्या आजीला तर मुळीच नाही.

मुंबईतल्या पोरांनी मे महिन्यात गावी गेल्यावर विहारात बसून हे म्हाताऱ्यांना सांगायचं. आणि जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात माहितीच्या अधिकारात एकच अर्ज टाकायचा: आमच्या जिल्ह्याचा वाटा कुठल्या आकड्यावर काढला, आणि त्या आकड्यात बौद्ध किती धरले?