सरासरीचा पाऊस आणि मामांचा मका

पहिली सर आली की अंधेरी स्टेशनबाहेर कोळशाच्या शेगड्या पेटतात. लिंबू-मीठ-तिखट चोळलेलं कणीस हातात पडलं की आपला पावसाळा सुरू! येवल्याकडे मका लावणाऱ्या माझ्या मामांचा जीव मात्र चार महिने टांगणीला.

मित्रांनो, 26 जुलै 2005 आपण घरोघरी ऐकलेला आहे. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला सुमारे 73. आता सरासरी काढा. 500च्या वर येते, पण तेवढा पाऊस ना सांताक्रूझने पाहिला ना कुलाब्याने! तरीही ‘यंदा पावसाने सरासरी गाठली’ हे वाचून आपण निर्धास्त होतो.

मक्याला सरासरी कळत नाही. तुरा आणि केसर येताना ओल तुटली, तर कणसात दाणे भरत नाहीत. 2023चा ऑगस्ट हा देशात 1901पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तो नेमका याच सुमारास. उलट पाणी तुंबलं तर मुळं गुदमरतात. पुण्याच्या आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांनी 2017मध्ये दाखवून दिलं की, 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात एकूण पाऊस घटत असताना मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना मात्र तिप्पट झाल्या. म्हणजे खंडही आहे आणि झोडपणंही.

त्यात पाऊस जायचं नाव घेत नाही. हवामान खात्याने 2020मध्ये मुंबईतून मान्सून परतण्याची सर्वसाधारण तारीख 29 सप्टेंबरवरून 8 ऑक्टोबर केली. जूनअखेर पेरलेला मका तेव्हाच काढणीला येतो. हमीभावाच्या खरेदीत 14 टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो. खळ्यावरचा ढीग ताडपत्रीखाली ठेवून मामा उन्हाची वाट बघतात. दाण्याला कोंब फुटला की व्यापारी सांगेल तो भाव!

म्हणूनच माझं म्हणणं साधं आहे. लाइन फॉलोअर रोबो आणखी किती वर्षं करणार? एका शेतकऱ्याला परवडेल असा ड्रायर, खिशात मावेल असा ओलावा मोजणारा मीटर, हे आपल्या अभ्यासक्रमातलंच तर आहे! थर्मोडायनॅमिक्स आणि सेन्सर्स आपण फक्त केटी टाळण्यासाठी शिकलो का?

व्हायवात एक्स्टर्नल हमखास विचारतात, ‘‘याचा उपयोग काय?’’ एकदा तरी त्या प्रश्नाला खरं उत्तर देऊया.