चाँद मोबाइलमध्ये उगवत नाही

मोबाइलला हिजरी तारीख विचारली की तो एकच तारीख ठणकावून सांगतो. ती कोणत्या हिशेबाने काढली, हे मात्र सांगत नाही. माझा आक्षेप या ठामपणाला आहे.

हिजरी तारीख काढण्याच्या रीती अनेक आहेत. एक कोष्टकाची : महिने आळीपाळीने 30 आणि 29 दिवसांचे, 30 वर्षांत 11 वेळा एक दिवस जादा. यात आकाशाकडे बघावेच लागत नाही. दुसरी उम्म अल-कुरा : सौदी अरेबियाचे सरकारी कॅलेंडर, मक्केतल्या सूर्यास्त-चंद्रास्ताच्या गणितावर बसवलेले. तिसरी आपली : 29 तारखेच्या संध्याकाळी चाँद दिसला तर दुसऱ्या दिवशी पहिली, नाहीतर 30 पूर्ण. 2024 मध्ये ईद-उल-फित्र सौदीत आणि केरळात 10 एप्रिलला झाली, महाराष्ट्रात 11 एप्रिलला. मग मोबाइलने कोणाची तारीख दाखवायची?

"तुमचे कॅलेंडरच अवैज्ञानिक, त्याला प्रोग्रामर काय करणार?" असे काही मित्र म्हणतात. चंद्राचे गणित खगोलशास्त्राला चोख येते. वाद आहे तो कोणता नियम पाळायचा याचा, आणि तो समाजाने ठरवायचा असतो. मुंबईत आणि लंडनमध्ये घड्याळात वेगळी वेळ असते म्हणून वेळेला कोणी अवैज्ञानिक म्हणत नाही. तिथे प्रोग्रामर टाइम झोन विचारतो. मग इथे का विचारत नाही?

साधने नाहीत असेही नाही. मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटमध्ये हिजरी तारीख दोन दिवसांपर्यंत मागेपुढे करता येते. जावास्क्रिप्टमध्ये कोष्टकी आणि उम्म अल-कुरा ही कॅलेंडरे वेगवेगळ्या नावांनी मागता येतात. नुसते 'इस्लामिक' लिहून मोकळे होणे हा आळस आहे. शिवाय आपला दिवस मगरिबला सुरू होतो, अ‍ॅपचा मध्यरात्री. त्यामुळे शबे-बरातच्या संध्याकाळीही अ‍ॅप आदल्या दिवसाचीच तारीख दाखवत राहते.

जुन्या निकाहनाम्यावर फक्त हिजरी तारीख असेल, तर संगणकाने काढलेली इंग्रजी तारीख एखाद्या दिवसाने चुकू शकते. ती कागदोपत्री पक्की म्हणून चढली की दुरुस्तीसाठी हेलपाटे गरिबालाच घालावे लागतात.

दोष आपलाही आहे. स्क्रीनशॉट दाखवून मौलानांशी हुज्जत घालणारे आपलेच लोक आहेत.

माझी मागणी साधी आहे : तारखेशेजारी कॅलेंडरचे नाव लिहा, एक दिवस मागेपुढे करण्याची सोय द्या आणि गणिताने काढलेल्या तारखेला 'अंदाजे' म्हणा. शाळेत मुलाने रीत न दाखवता नुसते उत्तर लिहिले, तर आम्ही गुण कापतो. संगणकाला सूट कशासाठी?