अंगठा आमचा, कुलूप त्यांचं

बारामतीचा ऊस आता आकाशातून वाचला जातो. कृषी विज्ञान केंद्रानं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाला जोडीला घेऊन शेतात सेन्सर रोवले, वर उपग्रहाचा डोळा लावला. पाणी कधी, खत किती, तोडणी कधी, हे शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतं. जानेवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांनी हे कौतुकानं जगाला सांगितलं. पाणी वाचत असेल तर आमचं भांडण नाही. पण उसाची कांडी मोजणाऱ्या डोळ्याला फडात वाकलेली बाई मोजायची नसते. तिची उचल मुकादमाच्या वहीत, आणि ती वही तिला वाचता येत नाही.

उघडं कोण आणि बंद कोण, हा खरा सवाल आहे, दोस्तांनो.

या कामातलं फार्मव्हाइब्ज नावाचं साधन मायक्रोसॉफ्टनं २०२२ मध्ये ओपन सोर्स केलं. म्हणजे त्याचा मूळ कोड कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा. बरं झालं. पण माहिती साठते कंपनीच्या अ‍ॅझुरवर. आम्ही गोदीतली माणसं, आम्हाला हे शिकवायला नको. पेटीवरची अक्षरं वाचता आली म्हणून गोदाम आपलं होत नाही. किल्ली कुणाच्या कमरेला, ते बघायचं.

इंदापूरच्या स्टँडवर, भिगवणच्या टपरीवर पोरं म्हणतात, "आपल्याकडं लपवायला हाय काय? गरिबाचा डाटा नेऊन कोण काय करणार?"

अरे भावा, गरिबाच्या नोंदीवरच तर राज्य चालत आलंय! इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. १९११ च्या कायद्यानं त्यांच्या बोटांचे ठसे घ्यायची सोय केली. इंदापूरहून सरळ रस्ता जातो त्या सोलापुरात काटेरी तारेची सेटलमेंट होती, तिथं हजेरी लागायची. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. ठसा घ्यायची खोड गेली नाही. २०२२ च्या नव्या कायद्यानं पोलिसांना बुबुळापर्यंत मोजमापं घ्यायची मुभा दिली, आणि नोंद ठेवायची ७५ वर्षं! तार गेली, संगणक आला.

रेशनच्या दुकानात यंत्र अंगठा मागतं. विटा वाहून, कोयता धरून रेघा झिजल्या की यंत्र म्हणतं, हा माणूस तो नव्हे. कष्टानं रेघा खाल्ल्या, आणि धान्य अडतं ते कष्टकऱ्याचंच.

आणि लपवायला काही नसलं की सुटलो? आपल्याच जिल्ह्यात बघा. भीमा कोरेगाव–एल्गार प्रकरणात रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची प्रत अमेरिकेच्या आर्सेनल कन्सल्टिंगनं तपासली. नेटवायर नावाच्या घुसखोर प्रोग्रामनं त्यात कागदपत्रं बाहेरून टाकली, असा अहवाल त्यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये दिला. एनआयएनं तो मानला नाही. पण तू एवढं ध्यानात घे: तुला काही लपवायचं नसेल, तुझ्या यंत्रात काही लपवून ठेवणारा दुसरा असू शकतो.

दुसरं मत, शिकलेल्यांचं: कोड उघडा म्हणजे चोरालाही उघडा. अर्धं खरं. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या ओपन सोर्स साधनात कुणीतरी चोरदरवाजा बसवल्याचं निघालं. पकडला कुणी? आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरनं. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो म्हणून त्यानं खोदलं. तो मायक्रोसॉफ्टचाच नोकर, पण कोड उघडा होता म्हणून त्याला मुळापर्यंत जाता आलं. बंद कपाटातली वाळवी कपाटाचा मालक सांगेल तेव्हाच कळते. मात्र उघडं म्हणजे आपोआप सुरक्षित नव्हे. वाचणारा डोळा पाहिजे.

तो डोळा आपला का नसावा? महाडचं चवदार तळं कागदावर आधीच खुलं झालं होतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंना घेऊन ओंजळ भरायला गेले, तेव्हा ते खरं खुलं झालं. ओपन सोर्स असंच कागदावर खुलं तळं आहे. ज्यांच्या बापजाद्यांना अक्षराची बंदी होती, त्यांनी काठावर उभं राहून "आपल्याला काय कळतंय त्यातलं" म्हणायचं?

वस्तीतल्या अभ्यासिकेत एक जुना कॉम्प्युटर आणा, त्यावर लिनक्स टाका, दोन पोरींना कोड वाचायला बसवा. चळवळीचं बोलणं सिग्नलवर करा, त्याचा कोड उघडा आहे. मोर्च्यातल्या माणसांचे चेहरे विचारल्याशिवाय चारचौघांत फेकू नका. आणि तहसीलवर जाऊन ठणकावून मागा: अंगठा जुळला नाही म्हणून एकाचंही धान्य अडणार नाही, आणि जनतेच्या पैशाचं सॉफ्टवेअर जनतेला वाचता येईल.

२४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपण हा मूलभूत हक्क म्हटला. गावकुसाबाहेरच्या माणसाला तो हक्क कधी कुणी आणून दिलेला नाही.

माणूस उघडा आणि यंत्र बंद, हे उलटं करा. यंत्र उघडं पाहिजे. माणसाच्या दाराला कडी पाहिजे, आणि ती आतून!